कुत्र्याचा कान आणि पिंपरीचे पेनिसिलिन

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचे गाव म्हणून ते ओळखले जाते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. कुत्र्याने कोरडी भाकरी खाऊ नये, ही त्यांची काळजी. कुत्र्याच्या पोटाची काळजी आपल्याकडे अशी जुनी आहे. त्याच्या आजारपणाची काळजी मात्र फार अलीकडची. ती आली तीही बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांच्या आधी औषधाच्या बाटलीतून आली.

या आजारांपैकी एक सर्वांच्या पाहण्यातला आहे. कुत्रे सारखे डोके झटकते, मान एका बाजूला कलती धरते, मागच्या पायाने कान खाजवते आणि कानाला हात लावू देत नाही. जवळ गेले की आंबूस, कुजकट वास येतो. कान उलटून पाहिला तर आत काळपट मळ, नाहीतर पिवळा-हिरवा पू. 'कान फुटला' असे आपण म्हणतो. मग मेडिकलच्या दुकानातून माणसांच्या कानाचे थेंब येतात, चार दिवस घातले जातात, वास कमी होतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते थेंब काहीच करीत नाहीत. तेव्हा दुकानदार 'जरा भारी' औषध काढून देतो.

थेंब तेच, कुत्रे तेच, कानही तोच. मग बदलले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी कुत्र्याच्या कानात डोकवावे लागेल आणि नंतर पुण्याजवळच्या पिंपरीला जावे लागेल. कारण आज तालुक्याच्या कोणत्याही दुकानात जी प्रतिजैविके सहज मिळतात, त्यांच्या आपल्या देशातल्या मोठ्या प्रमाणावरील निर्मितीची सुरुवात पिंपरीला झाली.

आडात आडवे भुयार

माणसाच्या बाहेरच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब आणि जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची नळी जातीप्रमाणे पाच ते दहा सेंटीमीटर असते आणि ती आधी उभी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते. आडाच्या तळाशी एखादे आडवे भुयार खणावे, तशी ही रचना. भुयाराच्या टोकाला कानाचा पडदा. आत गेलेले पाणी, धूळ किंवा गवताचे कुसळ सहज बाहेर येत नाही. कान लोंबता असेल तर आडाला झाकणही मिळते. आत ऊब, ओल आणि मेणचट स्राव. जीवाणूंना याहून सोयीची जागा कोणती?

आपल्या गावठी कुत्र्याचे कान बहुधा उभे किंवा अर्धवट दुमडलेले असतात, त्यामुळे त्यांत वारा खेळतो. आता हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांतही लॅब्रेडॉर दिसू लागला आहे. त्याचा कान लोंबता, पाण्यात उतरायची हौस मोठी, आणि त्वचेची अ‍ॅलर्जीही या जातीत बऱ्यापैकी आढळते. मांजराची नळी तशाच वळणाची पण लहान असते. मांजरांत हा आजार कुत्र्यांपेक्षा कमी दिसतो. पिलांच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा भुगा दिसला, तर बहुतेक वेळा तो कानातल्या सूक्ष्म किडींचा प्रताप असतो. या किडीला 'ओटोडेक्टिस' म्हणतात आणि ती मांजराकडून कुत्र्याकडेही जाते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कानात पू झाला म्हणजे बाहेरून कुठूनतरी जीवाणूंनी हल्ला केला, असे सहसा नसते. निरोगी कानातही थोडे जीवाणू आणि किण्व राहतातच. अ‍ॅलर्जीने कातडी सुजली, किडीने खाजवून जखम झाली, कुसळ रुतले किंवा कालव्यात पोहून कान ओला राहिला, की या भाडेकरूंची संख्या भरमसाट वाढते. म्हणजे संसर्ग हा दुसरा टप्पा. पहिले कारण वेगळेच असते. १९८०च्या दशकात पशुवैद्यकांनी कानाच्या आजाराची कारणे 'मूळची', 'पोषक' आणि 'आजार टिकवून धरणारी' अशी वेगवेगळी मांडायला सुरुवात केली, तेव्हापासून हा विचार पक्का झाला. थेंबांनी जीवाणू मरतात, कुसळ मात्र जागेवरच असते. अ‍ॅलर्जीही थेंब संपले म्हणून जात नाही. म्हणून आजार परत येतो, आणि तो परत येतो म्हणून औषधही परत परत घातले जाते. पुढच्या साऱ्या कथेचे मूळ या 'परत परत'मध्ये आहे.

सालोत्री, पांजरपोळ आणि परभणी

औषधांच्या आधी काय होते? घोड्यांच्या वैद्याला आपल्याकडे सालोत्री म्हणत. 'शालिहोत्र' या अश्ववैद्यकाच्या प्राचीन आचार्यांच्या नावावरून हा शब्द आला. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणी म्हटली की घोडे, आणि घोडे म्हटले की त्यांची निगा ओघाने आलीच. शेतकऱ्याच्या दारी बैलाला मान. या सगळ्यांत कुत्र्याला कोणी रुग्ण मानत नव्हते. कोमट तेल, लसणाचे तेल, करंजाचे तेल, नाहीतर चिमूटभर हळद यांवर त्याचे भागे. वसमतच्या हळदीचा आम्हांलाही अभिमान आहे. पण उघड्या जखमेवर हळद लावणे वेगळे आणि आंधळ्या नळीत पूड टाकणे वेगळे. पू आणि पूड यांचा गोळा होऊन आडाचा तळच बुजतो.

मुंबईत कुत्र्यांचा इतिहास थोडा निराळा आहे. १८३२ साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळात आसरा होता. उपचाराचे शास्त्रशुद्ध शिक्षण त्यानंतर अर्ध्या शतकाने आले : १८८०च्या दशकात परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून प्राण्यांचे रुग्णालय झाले आणि १८८६ मध्ये त्याच्याच शेजारी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

मराठवाड्याला आणखी बरीच वाट पाहावी लागली. निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ला संपले. परभणीला कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते १९७२ साली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती, १ मे १९९९ला ती वेगळी झाली. म्हणजे आपल्या भागात पशुवैद्यकाचे शिक्षण आले तोवर पेनिसिलिन जुने झाले होते. औषध आधी आणि ते केव्हा वापरावे हे सांगणारा माणूस नंतर, असा हा क्रम आहे.

निळा-हिरवा पू

कानातून कधीकधी हिरवट रंगाचा, विशिष्ट गोडसर वासाचा पू येतो. तो रंग जखमांच्या पट्ट्यांवर शल्यचिकित्सकांनी फार पूर्वीपासून पाहिला होता. १८८२ मध्ये कार्ल गेसार या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने तो रंग तयार करणारा जीवाणू वेगळा काढला. आज आपण त्याला 'स्यूडोमोनास एरुजिनोझा' म्हणतो. एरुजिनोझा म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या कळकासारखा. कळकलेले भांडे पाहिलेल्या कोणालाही हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

मौज अशी, की प्रतिजैविकांच्या इतिहासातले पहिले पान याच जीवाणूने लिहिले. १८९९ मध्ये एमरिख आणि ल्यॉव्ह या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याच्या जुन्या संवर्धनातून एक अर्क काढला. तो इतर जीवाणूंना मारीत असे. 'पायोसायनेझ' या नावाने तो अर्क रोग्यांवर वापरलाही गेला, मुख्यतः बाहेरून लावण्यासाठी. परिणाम बेभरवशाचे होते, तेव्हा तो मागे पडला. पण यातून एक गोष्ट उघड होते. जीवाणू एकमेकांविरुद्ध रसायने वापरतात, आणि जो ती वापरतो त्याच्याजवळ बचावाची साधनेही असतात. स्यूडोमोनास माती-पाण्यात राहणारा, असंख्य शेजाऱ्यांत वाढलेला जीव. त्याचे बाहेरचे आवरण अनेक औषधांना आत शिरू देत नाही, आणि आत शिरलेली औषधे बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप त्याच्या पेशीभित्तिकेत बसवलेले असतात. पेनिसिलिनला तो पहिल्या दिवसापासून दाद देत नव्हता.

पिंपरीचा कारखाना

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले, ही कथा आपण वर्गात सांगतोच. पण पेनिसिलिनच्या अगदी पहिल्या यशस्वी उपचारांची कथा फारशी सांगितली जात नाही. १९३० मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे सेसिल पेन या डॉक्टरांनी बुरशीचा कच्चा अर्क नवजात बाळांच्या चिघळलेल्या डोळ्यांना लावला आणि डोळे बरे झाले. म्हणजे पेनिसिलिनची सुरुवात सुईने झाली नाही. बाहेरून, जागच्या जागी लावायचे औषध म्हणून ते पहिल्यांदा उपयोगी पडले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ते टनावारी तयार केले. १९४५च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी धोकाही सांगून ठेवला : घशाच्या दुखण्यासाठी कोणी स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेईल, त्याच्या घशातले जीवाणू औषधाला निर्ढावतील आणि तेच पत्नीला लागून तिचा जीव जाईल. तो रुग्ण त्यांनी कल्पिलेला होता. पण ज्या कल्पनेत घरातल्या एकाचे औषध दुसऱ्याला बाधते, ती आपल्या विषयाला अगदी जवळची आहे.

स्वतंत्र भारतात पेनिसिलिन परदेशातून आणावे लागे आणि महाग पडे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने सरकारने पिंपरीला कारखाना उभारायचे ठरवले. १९५४ मध्ये 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. तिथल्या प्रयोगशाळेने नुसते परदेशी ज्ञान उचलले नाही. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून 'हॅमायसिन' हे बुरशी आणि किण्व यांवर चालणारे औषध शोधले. त्या सूक्ष्मजीवाचे नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. आपल्या राज्यातल्या एका गावाचे नाव जीवशास्त्राच्या लॅटिन नावांत असे कायमचे गेले. आम्हांला वाटते, दहावीच्या पुस्तकात याला दोन ओळी मिळायला हरकत नाही.

या कारखान्याने काय केले, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजणे कठीण आहे. न्यूमोनिया, प्रसूतीनंतरचा ताप, साध्या काट्याने होणारी रक्तदूषितता यांनी घरटी माणसे जात, त्या काळातली ही गोष्ट. नंतर १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट न देता केवळ ते बनवण्याच्या पद्धतीला द्यायचे ठरवले. त्यामुळे परदेशात नव्याने निघालेली औषधे भारतीय कंपन्या वेगळ्या पद्धतीने आणि स्वस्तात बनवू लागल्या. पदार्थाचे पेटंट पुन्हा आले ते २००५ मध्ये. मधल्या काळात प्रतिजैविके वाडीवस्तीपर्यंत पोचली. हे चांगलेच झाले, याविषयी आम्हांला शंका नाही. पण औषधाबरोबर जी दुसरी गोष्ट पोचायला हवी होती, ती पोचली नाही. ती कोणती, ते पुढे पाहू.

पिंपरीचा कारखाना सुरू होण्याच्या सात वर्षे आधीची एक नोंद इथे द्यायला हवी. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पू निर्माण करणाऱ्या 'स्टॅफिलोकॉकस' जीवाणूंचा हिशेब ठेवीत होत्या. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के होते, १९४७ मध्ये ३८ आणि १९४८ मध्ये ५९. तीन वर्षांत हे घडले! आपण ज्या औषधाचा कारखाना काढला, त्या औषधाचा एक मोठा शत्रू कारखान्याआधीच तयार झालेला होता.

सवय नव्हे, निवड

जीवाणूंना औषधाची 'सवय' होते, असे आपण बोलतो. वर्गातही बोलतो. दारूड्याला दारूची होते तशी सवय जीवाणूंना होत नाही. बार्बर यांच्याही लक्षात आले होते, की रुग्णालयातले जीवाणू पेनिसिलिनमुळे बदललेले नव्हते. आधीपासूनच त्याला तोंड देऊ शकणारे थोडे जीवाणू होते, तेच पसरले होते.

याचा देखणा पुरावा १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने दिला. त्यांनी एका बशीत जीवाणूंच्या वसाहती वाढवल्या. मग मखमलीचा तुकडा त्यांवर हलकेच दाबला, ठसा घेतला, आणि तोच ठसा औषध घातलेल्या अनेक बशांवर उमटवला. बहुतेक वसाहती मेल्या, एखाद-दुसरी तगली. आणि ती प्रत्येक बशीत त्याच जागी तगली. मग मूळच्या, औषधाचा थेंबही न पाहिलेल्या बशीतली नेमकी तीच जागा तपासली. तिथले जीवाणू आधीपासूनच प्रतिरोधी होते. औषधाने त्यांना घडवले नव्हते, फक्त वेचून काढले होते.

हे वर्गात धान्याने करून दाखवता येते. शाळेत पुवाचे किंवा कानातल्या मळाचे संवर्धन मात्र कधीही करू नये. एका ताटात ९० दाणे बाजरी, ८ दाणे ज्वारी आणि २ हरभरे घ्या. हे १०० जीवाणू. बाजरी गळेल पण ज्वारी अडकेल अशी चाळणी घ्या. हे झाले कमी ताकदीचे किंवा अपुरे पोचलेले औषध. चाळण जरा लवकर थांबवा, म्हणजे समजा १० दाणे बाजरीही वर राहील. उरले २० दाणे. जीवाणू वाढतात, म्हणून प्रत्येक प्रकार पाचपट करून पुन्हा १०० करा : बाजरी ५०, ज्वारी ४०, हरभरे १०. पुन्हा तसेच चाळा. बाजरी ५० मधली साधारण ६ राहील, बाकी सारे राहतील. त्याच प्रमाणात पुन्हा १०० केले, तर बाजरी ११, ज्वारी ७१, हरभरे १८. दोनच चाळण्यांत ज्वारी ८ वरून ७१ वर गेली! आता 'जरा भारी' औषध म्हणून ज्वारीही गळेल अशी मोठ्या भोकांची चाळणी आणा. काय उरेल ते विद्यार्थी स्वतःच सांगतील. बाजरीचा एकही दाणा हरभरा झाला नाही, तरी ताट हरभऱ्यांनी भरले.

एखादा चौकस विद्यार्थी विचारेल : मग पहिल्यांदाच मोठी चाळणी वापरली असती तर दोन हरभरे राहिलेच असते ना? बरोबर आहे. ते दोन हरभरे हाताने वेचण्याचे काम शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशी करतात. पण कान सुजलेला, मळाने भरलेला आणि ओला असेल तर तो हातच तिथवर पोचत नाही. म्हणून कान साफ करणे आणि मूळ कारण दूर करणे याला औषधाइतकेच महत्त्व आहे. आमच्या मते थोडे अधिकच.

१९५९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी यात आणखी एक भर घातली. आमांशाच्या जीवाणूंवर काम करताना त्यांना आढळले, की प्रतिरोधाची जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडेही जातात, तीही एकदम चार-चार औषधांची. म्हणजे एका ताटातला हरभरा शेजारच्या ताटातल्या बाजरीला आपले गुण देऊ शकतो. इथे आपले धान्य थकते.

कुत्र्याचा जीवाणू, माणसाचे औषध

कुत्र्याच्या त्वचेवर आणि कानात राहणारा स्टॅफिलोकॉकस माणसाच्या स्टॅफिलोकॉकसपेक्षा निराळा आहे. १९७६ मध्ये त्याला 'इंटरमेडियस' हे नाव मिळाले. पुढे २००५ मध्ये 'स्यूडइंटरमेडियस' ही नवी जात वर्णन केली गेली, आणि कुत्र्यांमधले बहुतेक जीवाणू याच जातीचे असल्याचे लक्षात आले. खरा इंटरमेडियस मुख्यतः कबुतरांत राहतो. नावाची ही दुरुस्ती होत होती त्याच सुमारास या जीवाणूचे मेथिसिलिनला न जुमानणारे प्रकार युरोप-अमेरिकेतल्या कुत्र्यांत वेगाने पसरू लागले. मेथिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले, प्रतिरोधी जीवाणूंसाठीच मुद्दाम बनवलेले औषध. माणसांत त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस १९६१ मध्येच सापडला होता. कुत्र्यांतला प्रकार बऱ्याचदा या कुळाबरोबरच इतर अनेक औषधांनाही दाद देत नाही. तो माणसाला क्वचितच आजारी करतो. पण कुत्र्यांच्या सहवासातल्या माणसांच्या नाकात तो सापडलेला आहे. उलट माणसाचा स्टॅफिलोकॉकस कुत्र्याकडे जातो, हेही दिसले आहे. ओसरीवर पोरांशेजारी झोपणाऱ्या कुत्र्याला ही सीमारेषा कोण समजावणार?

औषधांचीही सीमारेषा अशीच पुसट आहे. १९८०च्या दशकात खास प्राण्यांसाठी 'एन्रोफ्लॉक्सॅसिन' हे औषध आले. याच्या रेणूत आणि माणसांच्या 'सिप्रोफ्लॉक्सॅसिन'मध्ये फरक फक्त दोन कार्बनच्या एका छोट्या गटाचा आहे. कुत्र्याचे शरीर तो गट काढून टाकते आणि त्याचा काही भाग सरळ सिप्रोफ्लॉक्सॅसिनच होतो. दुकानात डबे वेगळे असतात, जीवाणूला मात्र दोन्ही एकच.

न पोचलेली गोष्ट

औषधाबरोबर जी गोष्ट गावात पोचली नाही असे वर म्हटले, ती म्हणजे कोणता जीवाणू आहे हे पाहण्याची साधी तपासणी. ती काही नवी नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल येथे बावर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची प्रमाण पद्धत ठरवून दिली. कानातला मळ निर्जंतुक काडीने घेऊन बशीत पसरायचा, वर वेगवेगळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. ज्या टिकलीभोवती पुरेसे मोठे स्वच्छ वर्तुळ पडेल ते औषध चालते. पशुवैद्यक महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत ही चाचणी नेहमीची आहे. अट एकच, नमुना थेंब घालायच्या आधी घेतलेला हवा.

या चाचणीचाही अर्थ नीट लावावा लागतो. वर्तुळांची मापे औषध पोटातून किंवा सुईने दिल्यावर रक्तात किती पोचते, यावरून ठरवलेली असतात. कानात थेट टाकलेल्या थेंबांत औषधाचे प्रमाण त्याच्या शेकडो पट असते. म्हणून कागदावर 'चालत नाही' असे लिहिलेले औषध स्वच्छ केलेल्या कानात कधीकधी चालून जाते. उलट, पुवाने भरलेल्या कानात कागदावरचे उत्तम औषधही वाया जाते. इथे पशुवैद्यकाचा अनुभव लागतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांतल्या हिरव्या पुवावर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, वापरले जात असे. आज कुत्र्याच्या कानासाठी बनवलेल्या काही धावनांत तेच असते, तर काहींत 'ईडीटीए' हे रसायन असते. ते स्यूडोमोनासच्या बाह्य आवरणातली कॅल्शियम-मॅग्नेशियमची टाचणी काढून घेते, आणि न शिरणारे औषध आत शिरू लागते.

पण यांतले काहीही घरच्या घरी ओतू नये. कानाचा पडदा फाटलेला असेल तर औषध थेट आतल्या कानाकडे जाते. जेंटामायसिनसारखी औषधे तिथल्या नाजूक पेशी कायमच्या मारू शकतात. कुत्रे बहिरे होते किंवा त्याचा तोल जातो. पडदा शाबूत आहे का, हे दिव्याच्या नळीतून पाहिल्याशिवाय समजत नाही.

कायद्यांनी या प्रश्नाकडे पाहिले ते दुसऱ्या दारांतून. ब्रिटनमध्ये १९६९च्या स्वान समितीने पशुखाद्यातल्या प्रतिजैविकांवर बोट ठेवले. आपल्याकडे २०१३च्या अधिसूचनेने बरीच महत्त्वाची प्रतिजैविके 'एच-१' या सूचीत गेली आणि मार्च २०१४ पासून ती विकताना डॉक्टर व रुग्णाची नोंद ठेवणे दुकानदारावर बंधनकारक झाले. जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे राखीव औषध कोंबड्या, मासे आणि अन्नासाठी पाळलेल्या इतर जनावरांत वापरायला बंदी आली. एच-१ सूची लिहिताना डोळ्यांसमोर माणूस होता, कोलिस्टिनच्या बंदीत खाण्याचे जनावर. कुत्रे आणि मांजर या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बसतात.

तपासणीसाठी नेहमी बशीपर्यंतही जावे लागत नाही. सूक्ष्मदर्शक असलेल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काडीवरचा मळ काचपट्टीवर फिरवून, रंगवून, हजार पट मोठा करून पाहायला दहा मिनिटे पुरतात. द्राक्षाच्या घडासारखे गोल दाणे दिसले तर स्टॅफिलोकॉकस. बारीक काड्यांची गर्दी दिसली तर स्यूडोमोनासचा संशय घ्यायचा आणि मग बशीची चाचणी करायची. आणि कमरेत आवळलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या पेशी दिसल्या तर ते 'मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस' नावाचे किण्व. १९२५ मध्ये ते पहिल्यांदा वर्णिले गेले ते एका भारतीय गेंड्याच्या कातडीवरून. पॅकिडर्म म्हणजे जाड कातडीचा. कुत्र्यांच्या फुटलेल्या कानांत ते वारंवार सापडते. जीवाणूंवरचे कोणतेही प्रतिजैविक त्याचे काही बिघडवीत नाही. अशा कानात ते थेंब घातले, तर किण्वाचे शेजारी तेवढे कमी होतात.